शिबिरात दरवर्षी तेच चेहरे, तेच आजार

सोनटक्का
आमचा दहा-बारा जणांचा गट दरवर्षी एकाच वस्तीत आरोग्य शिबिर घेतो. मी डॉक्टर नाही. टेबलं मांडणं, फॉर्म भरणं, रांगेतली भांडणं सोडवणं ही माझी खाती. यंदाचं पाचवं शिबिर तोंडावर आलंय म्हणून परवा जुने फॉर्म काढून बसले, ती बसलेच. निम्म्याहून जास्त नावं दरवर्षी तीच. नावांपुढचे आजारही तेच: रक्त कमी, दाब जास्त, जुना खोकला, पाठ, पित्त. आम्ही दहा दिवसांच्या गोळ्या देतो. अकराव्या दिवशी काय होतं हे लिहायला आमच्या फॉर्ममध्ये रकानाच नाही.

रस्त्यापलीकडे बऱ्या परिस्थितीतल्या लोकांच्या इमारती आहेत. दवाखाना दोन्हीकडून सारखाच लांब. तरी तिकडचे साठीतले लोक सकाळी फिरायला बाहेर पडतात आणि इकडचे पन्नाशीतच भिंतीचा आधार घेऊन उठतात.

गटात यावरून चांगलीच जुंपली. एकाचं म्हणणं, लोकांना शिस्त नाही, सांगितलेलं ऐकत नाहीत. दुसऱ्याचं म्हणणं, रांजण फुटका आहे आणि आपण वरून पाणी ओततोय. या चर्चामंचावरच्या जाणत्यांना विचारते: माणसाची तब्येत त्याच्या हातात किती, आणि तो राहतो-कमावतो त्या जागेच्या हातात किती? आणि खरा प्रश्न म्हणजे, हे शिबिर बंद करावं का?

दीडशहाणा
पहिला! आता वाचतो.

खडूसकाका
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. परिस्थितीच्या नावाने गळा काढायची फॅशन झाली आहे. तंबाखू कुणी कुणाच्या तोंडात कोंबत नाही. हात धुवायला श्रीमंत असावं लागत नाही. आम्ही सात जण एका खोलीत वाढलो, झालो ना मोठे? शिबिरात फुकट गोळ्या देण्यापेक्षा चार शब्द सुनवा.

निशिगंधा
काका, मी परिचारिका आहे, वीस वर्षं चार शब्दच सुनावतेय. त्यातून जे शिकले ते सांगते.

'ही गोळी जेवणानंतर घ्या' असं आम्ही दिवसातून शंभर वेळा म्हणतो. एका बाईंची साखर काही केल्या खाली येईना. मी रागावले, म्हटलं गोळ्या चुकवता का? त्या शांतपणे म्हणाल्या, 'जेवणानंतर घ्या म्हणालात ना. जेवण होतं तेव्हा घेते.' त्यांनी माझा शब्द न् शब्द पाळला होता.

इन्सुलिनचं तसंच. 'फ्रिजमध्ये ठेवा' असं सांगतो. घरात फ्रिज आहे का, हे मी पहिली पाच वर्षं कुणालाच विचारलं नव्हतं. एका आजोबांनी ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या मडक्यात ठेवलं होतं, आणि मी त्यांना अडाणी समजले. पुढे कळलं की फ्रिज नसेल तर असंच ठेवायला तज्ज्ञही सांगतात.

आणि 'पुढच्या आठवड्यात परत या' हे तर सगळ्यात महाग वाक्य. ज्याचा पगार रजेतही चालू असतो त्याला ते फुकट पडतं. रोजंदारीवाल्याचा त्यात एक दिवस बुडतो, आणि दोनदा बुडला की मुकादम तिसऱ्या दिवशी दुसरा माणूस उभा करतो. मग तो येत नाही आणि आम्ही केसपेपरवर लिहितो, 'रुग्णाने उपचार सोडले'.

मुसाफिर
निशिगंधा, प्रतिसादाची वाचनखूण साठवली.

काका, 'आम्ही झालो ना मोठे' हे जे मोठे झाले तेच म्हणू शकतात. जे झाले नाहीत ते प्रतिसाद द्यायला येत नाहीत हो.

खडूसकाका
मुद्दा पोचला. सात जणांतले आज आम्ही पाच आहोत. एक धाकटा, एक बहीण. पण तंबाखूचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

इतिहासवेडा
सोनटक्का, तुमचा 'रस्त्याच्या दोन बाजू' हा मुद्दा वाचून राहवलं नाही. हा प्रयोग एकदा खराखुरा होऊन गेलाय, तोही कुणी न करता.

१८९२. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही जर्मनीतली एकमेकांना खेटलेली दोन शहरं, मधली हद्द कुठे कुठे नुसता एक रस्ता. दोघंही एल्बे नदीचं पाणी पीत. आल्टोनाची जागा तर जास्त वाईट, कारण ते नदीच्या खालच्या अंगाला, हॅम्बुर्गची सगळी घाण पोटात घेतलेलं पाणी त्यांच्या वाट्याला. पण आल्टोना ते पाणी वाळूतून संथपणे गाळून देई, हॅम्बुर्ग न गाळता. त्या उन्हाळ्यात कॉलरा आला. हॅम्बुर्गमध्ये सुमारे ८,६०० माणसं गेली, आल्टोनाला त्या मानाने झळच लागली. हद्दीवरच्या रस्त्यात एका बाजूला मढी आणि दुसऱ्या बाजूला धडधाकट लोक. हॅम्बुर्गच्या हद्दीतल्याच एका इमारतसमूहाला आल्टोनाचं पाणी येत होतं, ते लोकही वाचले. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांनी हे सगळं पाहून नोंदवलं.

आता यात हॅम्बुर्गच्या माणसाच्या सवयींचा काय दोष? आणि पुढचं जास्त महत्त्वाचं. हॅम्बुर्गला पाणी गाळता येतं हे माहीत नव्हतं का? होतं. पण कारभार व्यापाऱ्यांच्या आणि घरमालकांच्या हातात. खर्च कुणी करायचा यावर वर्षानुवर्षं घोळ चालला. साथ आली तेव्हाही बंदराचा व्यापार बसेल म्हणून जाहीर करायला दिरंगाई केली. गाळणी १८९३ मध्ये सुरू झाली. बैल गेला न् झोपा केला.

दीडशहाणा
थोडक्यात, जंतू नदीतून आले आणि मरण नगरपालिकेतून. पुस्तक काढा इतिहासवेडे, आम्ही पीडीएफ मागू.

आकडेमोड
छान उदाहरण, पण इथे एक गैरसमज पक्का होतोय की हा सगळा घाण पाणी आणि उपासमारीचा मामला आहे. तसं असतं तर पोटापुरतं मिळाल्यावर फरक संपला असता. तो संपत नाही.

ब्रिटनच्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास घ्या. १९६७ मध्ये सुरू झाला, सुमारे १८,००० पुरुष. सगळे कायम नोकरीत, सगळ्यांना सरकारी वैद्यकीय सेवा, कुणीही कंगाल नाही. तरी शिपाई-द्वारपाल या तळाच्या श्रेणीतल्यांचा मृत्यूदर सर्वोच्च श्रेणीच्या साधारण तिप्पट निघाला. आणि नुसतं 'वर' आणि 'खाली' असं नाही, पायरीगणिक फरक. वरून दुसऱ्या पायरीवरचा साहेबसुद्धा पहिल्या पायरीवरच्यापेक्षा जरा लवकर जातो.

काका, तुमच्या तंबाखूचं उत्तर इथे आहे. खालच्या श्रेणीत सिगारेट जास्त होती हे खरं. पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल वगैरे सगळे नेहमीचे आरोपी पकडून हिशेब मांडला तरी हृदयविकारातल्या तफावतीतला निम्म्याहून कमी भाग त्यांच्या नावावर जातो. १९८५ मध्ये दुसरा अभ्यास सुरू केला, त्यात स्त्रियाही घेतल्या. त्यात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली: आपल्या कामावर आपला ताबा किती. काय, कधी, कसं करायचं हे ज्याला ठरवता येत नाही त्याच्या हृदयाला धोका जास्त.

मुसाफिर
म्हणजे 'साहेबाला ताण फार' ही अफवा साहेबांनीच पसरवली होती तर.

दीडशहाणा
हसून हसून पुरेवाट. आमच्या साहेबाला हा धागा पाठवू का?

मुसाफिर
पाठवा. मग तुमच्या कामावर तुमचा पूर्ण ताबा राहील, कारण काम राहणार नाही.

अबोली
प्रतिसाद काढून टाकला आहे.

चक्रधर
मी बस चालवतो. इथे फक्त वाचतो, आज लिहितो.

आमच्यात मूतखडा घराघरांत आहे. डॉक्टर म्हणतात पाणी प्या. पाणी प्यायलं की थांबावं लागतं, फेरीच्या वेळा लावणाऱ्याने थांबायला वेळ ठेवलेला नाही आणि कुठे थांबायचं ती जागाही नाही. म्हणून ड्यूटीवर पाणी पीत नाही. कंडक्टर बाईंची तर बोलायचीच सोय नाही. सवय वाईट आहे, मान्य. पण ती सवय वेळापत्रकाने लावलेली आहे.

अबोली
वर लिहून पुसलं होतं, आता चक्रधर यांनी लिहिलंच आहे तर लिहिते. मी रस्त्यावर उभं राहून करायच्या नोकरीत आहे. सकाळी घरून निघताना एक घोट, मग घरी परत येईपर्यंत काही नाही. दोन वर्षांत चार वेळा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. प्रत्येक वेळी एक चिठ्ठी मिळाली, तिच्यावर औषधं आणि खाली 'भरपूर पाणी प्या'. शौचालय लिहून देत नाहीत कोणी.

निशिगंधा
'शौचालय लिहून देत नाहीत'... उद्या ड्यूटीवर जाताना हे डोक्यात राहणार.

सोनटक्का
वाचते आहे सगळं. मला आता असं वाटू लागलंय की या सगळ्यात खरी टंचाई पैशाइतकीच सवडीची आहे. पाणी प्यायला सवड नाही, परत यायला सवड नाही, आजारी पडून झोपायला तर नाहीच. सवड ज्याच्याकडे आहे तो निरोगी. बरोबर का?

इतिहासवेडा
अर्धं बरोबर. ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाचं कापडगिरणीचं गाव होतं. मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. १९३१-३२ मध्ये समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि सहकारी तिथे अभ्यासाला गेले. तुमच्या हिशेबाने त्या लोकांइतकी सवड कुणालाच नव्हती. पण वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं, मंडळं ओस पडली. अभ्यासकांनी खिडकीतून घड्याळ लावून लोकांची चाल मोजली, तर पुरुष हळू चालत, मध्येच थांबत. बायका भरभर चालत होत्या, कारण घरचं काम काही बंद पडलेलं नव्हतं. तेव्हा रिकामा वेळ म्हणजे सवड नव्हे. उद्याची खात्री असेल तरच त्या वेळाचा काही उपयोग.

सोनटक्का
हं. हे पटलं, आणि जरा बोचलंही.

स्टेथोस्कोप
मी डॉक्टर आहे आणि या धाग्याच्या वळणाने अस्वस्थ होतोय. सगळ्यांचं खरं आहे. पण शेवटी निष्कर्ष असा निघणार की गरिबी हटेपर्यंत, विषमता जाईपर्यंत औषधांनी काही होत नाही. हा निष्कर्ष आम्हा डॉक्टरांना आळशी बनवतो आणि राज्यकर्त्यांना मोकळं सोडतो.

गडचिरोलीचं उदाहरण घ्या. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. वजन, ऊब, स्तनपान, आणि जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनसुद्धा. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: नवजात बालमृत्यूंत ६२ टक्के घट. त्या काळात गावं श्रीमंत झाली नव्हती, घरं पक्की झाली नव्हती. पुढे देशभरच्या आशा सेविकांच्या कामात हीच पद्धत घेतली गेली. बाळ आज गुदमरतंय तेव्हा समाजरचना बदलेपर्यंत थांबा असं त्याच्या आईला सांगणार का?

आकडेमोड
सहमत, पण तुमचंच उदाहरण जरा उलटं धरून बघा. तिथे नवं औषध शोधलं नव्हतं. औषध होतंच, ते गावापर्यंत पोचत नव्हतं. ज्यूलियन ट्यूडर हार्ट हे वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावातले डॉक्टर. त्यांनी १९७१ मध्ये मांडलं की चांगली वैद्यकीय सेवा गरजेच्या उलट प्रमाणात मिळते. जिथे आजार जास्त तिथे डॉक्टर कमी. बंगांनी ते प्रमाण एका मुलखापुरतं सुलटं केलं. म्हणजे औषध विरुद्ध परिस्थिती असा सामनाच नाही. औषध कुणापर्यंत पोचतं हीसुद्धा परिस्थितीच.

स्टेथोस्कोप
या भाषेत मान्य. मग जामखेडही त्यातच येईल. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, तर लोकांनी आधी पाणी आणि अन्न मागितलं, दवाखाना नंतर. त्यांनी ते ऐकलं. पुढे गावांनीच निवडलेल्या आरोग्यसेविका उभ्या राहिल्या, त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या. आम्हाला कॉलेजात शिकवतात त्याच्या नेमका उलटा क्रम.

मुसाफिर
पैसा आणि पाणी झालं, आता शेजारपाजार. १९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेची लाट आली, सातशेहून जास्त माणसं नेहमीपेक्षा अधिक दगावली. बरीचशी म्हातारी, एकटी, बंद खोलीत. एरिक क्लायननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने शेजारशेजारच्या दोन भागांची तुलना केली, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. गरीब दोन्ही, एकटे म्हातारे दोन्हीकडे, ऊन तर एकच. मृत्यूदरात दहापट फरक. एकीकडे दुकानं बंद पडलेली, मोकळे प्लॉट, रस्त्याची भीती. दुसरीकडे गजबज. गजबजलेल्या रस्त्यावर म्हातारा माणूस सावलीला, गार हवेला बाहेर येतो, आणि दोन दिवस दिसला नाही तर कुणीतरी दार वाजवतं.

खडूसकाका
हे मात्र शंभर टक्के. आमच्या सात जणांच्या खोलीला कडीच नव्हती, कुणीही डोकावायचं. आता माझ्या दाराला तीन कुलपं आहेत आणि शेजारच्याचं नाव मला पाटीवर वाचावं लागतं.

आकडेमोड
जाता जाता, गजबजीचं फार कौतुकही नको. क्षयाला गर्दीच आवडते. एका खोलीत सात जण म्हणजे शेजारधर्मही आणि जंतूंचीही सोय.

दीडशहाणा
म्हणजे शेजारी हवा, पण खिडकी उघडी ठेवून. नोंद केली.

स्टेथोस्कोप
सोनटक्का, तुमच्या यादीतल्या 'जुना खोकला' या शब्दावर माझी नजर अडकली आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली लिहून ठेवलं की रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर एक प्रश्न जरूर विचारा: तुझा धंदा काय? तीनशे वर्षं झाली, आम्ही अजून विसरतो. दगड फोडणाऱ्या, खाणीत किंवा क्रशरवर काम करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात बारीक धूळ बसते. एक्सरेवर ते क्षयासारखं दिसू शकतं. मग क्षयाच्या औषधांचे कोर्सवर कोर्स होतात, खोकला जात नाही, आणि माणूस परत त्याच धुळीत उभा राहतो. शिवाय त्या धुळीमुळे खरा क्षय व्हायचा धोकाही वाढतो, म्हणजे गुंता आणखी वाढला. तुमच्या फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना आहे का?

सोनटक्का
आहे. आम्ही सगळ्यांसमोर 'मजुरी' लिहितो.

निशिगंधा
आणि बायकांसमोर 'काही नाही'?

सोनटक्का
'गृहिणी'. पण हो, कळलं.

चक्रधर
बंद करू नका शिबिर. वेळ काय असते तुमची?

सोनटक्का
रविवारी सकाळी दहा ते एक. डॉक्टरांना तीच सोयीची.

चक्रधर
तेच विचारायचं होतं. आमची रविवारी डबल ड्यूटी असते.

सोनटक्का
तीन आठवड्यांनी परत येतेय, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

शिबिराआधी आम्ही दोघी-तिघी फॉर्म न घेता वस्तीत जाऊन आलो. नुसतं बसलो. बायकांना विचारलं, तुम्ही शिबिराला का येत नाही? एक जण म्हणाली, 'नळ साडेदहाला येतो, बारापर्यंत असतो. ज्यांच्या घरात पाणी भरायला दुसरं माणूस आहे त्या येतात तुमच्याकडे.'

चार वर्षं मी जे तेच-तेच चेहरे बघत होते, ते वस्तीतले सगळ्यात आजारी लोक नव्हतेच. ज्यांना दहा ते एक जमतं असे लोक होते. बाकीच्यांचे आजार आमच्या फॉर्मवर आलेच नाहीत. आकडेमोड, तुमचे ते वेल्सचे डॉक्टर आमच्या फाइलमध्ये बसले होते.

यंदा वेळ संध्याकाळी सात ते दहा. दोन डॉक्टरांनी नाही म्हटलं, एकाने हो. 'मजुरी'च्या जागी 'काम नेमकं काय, किती वर्षं, बसून की उभं राहून, शौचालय आहे का' असं केलंय. आणि नळाची वेळ बदलून मागायचा अर्ज तयार आहे, सह्या गोळा करतोय. तो अर्ज शिबिराच्या टेबलावरच ठेवणार. यावर गटातले एक सद्गृहस्थ रुसले आहेत, म्हणतात, हे आरोग्याचं काम नव्हे.

खडूसकाका
संध्याकाळी सात म्हणजे डास. आणि रांग लावायला तुम्हाला दमदार आवाजाचा माणूस लागेल. पत्ता खासगी निरोपाने कळवा.

दीडशहाणा
काका चार शब्द सुनवायला निघाले!

खडूसकाका
नळवाल्याला सुनवीन.

निशिगंधा
सोनटक्का, दहा दिवसांच्या गोळ्यांचं काय ठरलं? अकराव्या दिवसाचा रकाना?

सोनटक्का
रकाना आखलाय. तो भरायला कोण जाणार यावर अजून भांडण चालू आहे.